क्रोशाचा चौकोन दर वेळी निमुळता का होतो?

२० टाक्यांवर सुरू केलेला चौकोन वीतभर उंच होईपर्यंत १४ टाक्यांवर येऊन ठेपतो. खाली रुंद, वर निमुळता. उसवून पुन्हा घातला की या खेपेला वर पसरतो. मग घरातलं कोणीतरी सांगतं, "हात घट्ट आहे, सवयीने सुटेल." सवय होते, हात सुटतोही, पण काठ काही सरळ येत नाही. महिनाभराने मुक्या खांबाचा, म्हणजे बुटक्या टाक्याचा, काठ जमला म्हणून हुरूप येऊन त्याच्या साधारण दुप्पट उंच असलेला खांब शिकायला घ्यावा, तर पहिल्या पाच ओळींत पुन्हा तीच रड. खांब जमला की अर्ध्या खांबाला (उंचीने या दोघांच्या मधला) परत पहिले पाढे.

यात हाताचा दोष क्वचित असतो. दोष ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात असतो. तो परत परत डोकं वर काढतो, कारण प्रत्येक टाक्याची उंची वेगळी, आणि म्हणून काम उलटताना करायची गोष्टही वेगळी. मुक्या खांबात बसलेली सवय खांबात अर्धी पाळली जाते, अर्धी सुटते, आणि टाके वाढतात नाहीतर गळतात. म्हणजे नवा टाका शिकताना टाका कसा घालायचा एवढंच शिकून भागत नाही, त्याचा काठ वेगळा शिकावा लागतो. बहुतेक व्हिडिओंत टाका अगदी सावकाश दाखवतात आणि ओळीचं वळण मात्र दोन सेकंदांत उरकतात. गोंधळ तिथेच होतो.

काय बिघडलंय ते काठावरून ओळखा

काम टेबलावर सपाट पसरा, ओढून ताणून नको. दोन्ही काठ सारखेच आत येत असतील तर चूक प्रत्येक ओळीत, एकाच जागी होते आहे. बहुधा ओळीच्या शेवटी. एक काठ सरळ आणि दुसराच तिरका असेल तर चूक एकाआड एका ओळीत होते. आपण दर ओळीला काम उलटतो, त्यामुळे एका ओळीचा शेवट डाव्या काठाला येतो आणि पुढच्या ओळीचा उजव्या. एकच काठ बिघडला म्हणजे तुम्हाला एका बाजूने शेवटचा टाका ओळखू येतो, दुसऱ्या बाजूने येत नाही. निम्मं काम झालेलंच आहे असं समजा.

सगळ्यात फसवा प्रकार तिसरा. टाके मोजावेत तर बरोबर २०, तरी काठ दातेरी, मधूनमधून फुगलेला. इथे सुरुवातीला एक टाका जास्त पडतो आणि शेवटी एक सुटतो. बेरीज जुळते, म्हणून मोजणारा निर्धास्त. "टाके मोजत जा" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा नाही, पण या प्रकारात तो काहीच पकडत नाही. टाके किती आहेत याच्याइतकंच ते कुठे पडले हे महत्त्वाचं.

टाके नेमके, काठही गुळगुळीत, पण खालची बाजू आवळून धनुष्यागत वाकली असेल तर मात्र हाताचा दोष आहे: पायाची साखळी, म्हणजे जिच्यावर पहिली ओळ उभी राहते ती फासांची माळ, घट्ट झाली. तेवढी साखळी मोठ्या सुईने घाला. ४ मिमीच्या सुईने विणणार असाल तर साखळीला ४.५ किंवा ५ घ्यायची आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा ४ वर यायचं.

मुका खांब

२० मुक्या खांबांना २१ साखळ्या. सुरुवातीची सरकगाठ मोजायची नाही आणि सुईवर असलेला फासही नाही. हे दोन्ही मोजले जातात आणि पहिल्याच ओळीत हिशेब बिघडतो. पहिला मुका खांब सुईपासून दुसऱ्या साखळीत.

ओळ संपली की १ साखळी घालून काम उलटायचं. ही साखळी नुसती उंची गाठायला असते, टाका म्हणून धरत नाहीत. म्हणून पुढच्या ओळीचा पहिला मुका खांब अगदी पहिल्याच टाक्यात जातो, ज्या टाक्यातून ती साखळी निघाली त्याच्यात. हा टाका साखळीला चिकटून दबलेला असतो, वरची व्हीच्या आकाराची धाग्यांची जोडी, म्हणजे टाक्याचं डोकं, नीट दिसत नाही, आणि सुई आपोआप शेजारच्या मोकळ्या टाक्यात शिरते. दर ओळीला एक टाका असा जातो.

उलट चूक शेवटी होते. तिथे मागच्या ओळीची ती एकुलती साखळी गाठीसारखी वर आलेली दिसते, तिला टाका समजून तिच्यातही मुका खांब घातला जातो. एक वाढला.

उपाय साधा आहे आणि मी तो कोणत्याही युक्तीपेक्षा वर ठेवते: ओळीतला पहिला मुका खांब घातल्याबरोबर त्याच्या डोक्यातल्या दोन्ही धाग्यांखालून सेफ्टी पिन अडकवायची. उलटून परत याल तेव्हा पिन असलेला टाका हा शेवटचा. त्याच्या पुढे काहीही दिसो, तिथे सुई घालायची नाही. रंगीत प्लॅस्टिकचे मार्कर मिळतात, छान दिसतात, पण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा बोटभर तुकडाही तेवढंच काम करतो.

खांब: खरा घोळ इथे

२० खांबांना २२ साखळ्या. पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. सुटलेल्या ३ साखळ्या मिळून एक खांब धरतात, उरलेल्या १९ साखळ्यांत १९ खांब बसतात. मुक्या खांबापेक्षा इथला नियम वेगळा आहे, कारण खांबाला उंची गाठायला ३ साखळ्या लागतात आणि तीन साखळ्यांची जाडी नजरेआड करता येत नाही. म्हणून रूढ पद्धतीत त्यांनाच टाका मानतात.

यातून दोन गोष्टी ओघाने येतात. पहिली: ओळीच्या सुरुवातीला ३ साखळ्या घालून उलटलं की पहिल्या टाक्यावरचा खांब झालेला असतो. पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात. मुक्या खांबाच्या सवयीने तो पहिल्याच टाक्यात घातला तर एक टाका वाढला. दुसरी गोष्ट: ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या त्या ३ साखळ्या उभ्या असतात. त्याही खांबच असल्याने शेवटचा खांब त्यांच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या साखळीत घालायचा. इथेच सर्वात जास्त टाके गळतात. साखळ्या खांबासारख्या दिसत नाहीत, पिळून मागे वळतात, ओळ संपली असं वाटतं आणि आपण काम उलटतो.

दोन्ही चुका एकाच ओळीत झाल्या की वर सांगितलेला दातेरी काठ तयार. मुक्या खांबावरून थेट खांबावर आलेल्यांचं हमखास हेच होतं, कारण दोन्ही टोकांना त्यांनी जुनीच सवय इमानाने पाळलेली असते.

पिन इथेही, फक्त जागा बदलते. ३ साखळ्या घातल्या की लगेच तिसरीत पिन अडकवा, काम उलटण्याआधी. पहिल्या ओळीसाठी ती २२व्या साखळीत लागेल. आणि त्या साखळीत सुई घालताना एकाच धाग्याखालून घातली की काठाला भोक पडतं. दोन धागे उचला.

सगळं बरोबर करूनही ३ साखळ्या आणि शेजारचा खांब यांत फट राहते. ही चूक नाही, पद्धतीची मर्यादा आहे. हात सैल असेल तर तीनऐवजी २ साखळ्या घालून बघा, नियम तोच ठेवायचा. मला त्याहून आवडते ती बिनसाखळीची सुरुवात. काम उलटा, साखळी घालू नका. पहिल्या टाक्यात मुका खांब घाला. मग त्याच मुक्या खांबाच्या डावीकडच्या उभ्या धाग्यात सुई घालून दुसरा मुका खांब काढा. एकावर एक असे दोन मुके खांब उभे राहतात, उंची खांबाएवढी होते आणि वर रीतसर डोकं असल्यामुळे परतताना शेवटचा टाका शोधत बसावं लागत नाही. डावखुऱ्यांनी उजवीकडचा धागा घ्यायचा. पहिल्या दोन-चार ओळींत हे किचकट वाटेल, पण फट जवळजवळ नाहीशी होते आणि पांढऱ्या सुताच्या रुमालावर तर फरक लांबूनही कळतो.

अर्ध्या खांबाचं थोडक्यात: त्याला २ साखळ्या, आणि त्या टाका म्हणून धरायच्या की नाही यावर नमुना लिहिणाऱ्यांचं एकमत नाही. काही धरतात, काही नाही. नमुन्याच्या सुरुवातीला ते लिहिलेलं असतं, तिथे बघा. लिहिलं नसेल तर स्वतः एक ठरवा आणि पूर्ण वस्तू त्याच नियमाने करा. मी धरत नाही. काठ जास्त भरीव येतो.

नमुना इंग्रजीतून वाचत असाल तर आणखी एक खोच आहे. आपला मुका खांब अमेरिकन नमुन्यात सिंगल क्रोशे असतो आणि ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' आढळलं तर तो अमेरिकन समजा, ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. हे न बघता सुरू केलं की टाका एक, वळणाचा नियम दुसऱ्याचा, आणि काठाचं वाटोळं.

कोस्टर वाटीसारखा का उठतो?

गोलात काठ नसतो, तरी दुखणं तेच आहे, कारण इथेही टाक्याची उंचीच सगळं ठरवते. मुक्या खांबाचा गोल ६ टाक्यांनी सुरू होतो आणि दर फेरीला ६ टाके वाढतात: ६, १२, १८, २४, ३०. खांबाच्या गोलाला १२, २४, ३६. अर्ध्या खांबाला साधारण ८, १६, २४. हे आकडे कोणी मनाला येईल तसे ठरवलेले नाहीत. गोलाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढली की परिघ त्या उंचीच्या सुमारे ६.२८ पट वाढतो. मुका खांब जवळपास जेवढा उंच तेवढाच रुंद, म्हणून परिघावर सहाएक टाक्यांची जागा नव्याने तयार होते. खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून बारा.

वाटी झाली तर टाके कमी पडले आहेत किंवा हात फार घट्ट आहे. आकडे बरोबर असूनही वाटी होत असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्या, टाके वाढवू नका. झालर झाली तर टाके जास्त झालेत. अनेकदा याचं मूळ जोडटाक्यात असतं: फेरी बंद करताना घातलेली स्लिप स्टिच मोजायची नसते, पण पुढच्या फेरीत तिच्या डोक्यातही एक टाका घातला जातो. खांबाच्या गोलात स्लिप स्टिच सुरुवातीच्या ३ साखळ्यांपैकी तिसरीत जायला हवी. म्हणजे पिन पुन्हा तिसऱ्या साखळीतच.

या झालरीला गणितात मानाचं पान आहे, हे जाता जाता. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये मुद्दामच अशी झालर विणली. ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवायचा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलायचं नाही. त्यातून हायपरबोलिक प्रतल (जागोजागी खोगिरासारखा वळणारा पृष्ठभाग) हातात धरून दाखवता येईल असं तयार झालं. तेव्हा कोस्टरची झालर झाली तर ती कुंडीखाली ठेवा, कपाखाली नको.

आकडे बरोबर, सपाटही आहे, पण गोलाचा षट्कोन होतोय? वाढवलेले टाके दर फेरीला एकावर एक येतात म्हणून कोपरे दिसतात. एका फेरीआड वाढीची जागा थोडी सरकवा. म्हणजे '२ साधे, १ वाढ (एकाच टाक्यात दोन टाके)' असं सहा वेळा करण्याऐवजी '१ साधा, १ वाढ, १ साधा' असं सहा वेळा. टाके तेवढेच राहतात, कोपरे विरतात.

दोन सुयांच्या विणकामातला सख्खा भाऊ

बाळंतविड्यासाठी टोपरं किंवा मोजे शिकायला घेतलेल्यांची तक्रार नेमकी उलटी असते: टाके वाढत जातात. काम उलटल्यावर लोकर सुईवरून मागे गेली तर पहिला टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर दोन टाक्यांसारखे बसतात. ते दोन्ही विणले की एक वाढला. सुलट ओळ (लोकर मागे ठेवून विणायची) सुरू करण्याआधी लोकर खाली ओढून, सुईच्या खालून मागे न्यायची. मग पहिला टाका एकटा, स्पष्ट दिसतो. ओळीच्या मधेच टाका वाढून खाली भोक दिसत असेल तर कारण वेगळं: उलट टाका (लोकर पुढे ठेवून घालायचा) झाल्यावर लोकर पुढेच राहिली आणि तसाच सुलट घातला गेला.

एका बाजूने सुलट, एका बाजूने उलट अशा विणीचा मफलर गुंडाळला जातो, ही मात्र चूकच नव्हे. त्या विणीचा तो स्वभाव आहे, बाजू मागे वळतात आणि वरखालचे काठ पुढे. इस्त्रीने तो जात नाही. दोन्ही बाजूंना ४-४ टाके आणि वरखाली चारसहा ओळी नुसत्या सुलट ठेवल्या तर वळणं बरंच आटोक्यात येतं.

नवा टाका कशावर शिकावा

१२ टाक्यांच्या तुकड्यावर. कोस्टर, पुस्तकातली खूण, मोबाइलचं पाकीट, काहीही. कारण व्यावहारिक आहे: १२ टाक्यांत दर ओळीला एक टाका गळला तर सहा ओळींत निम्मे उरतात आणि चूक लपूच शकत नाही. १५० टाक्यांच्या दुपट्यात तीच चूक वीस ओळी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि वीस ओळी उसवायला फार मोठं मन लागतं. शिवाय तुकडा लहान असला की वळणं पटापट येतात. तेवढ्याच वेळात काठाचा सराव कितीतरी जास्त होतो.

लोकर किंवा सूत फिक्या रंगाचं, गुळगुळीत, मध्यम जाडीचं घ्या. काळी किंवा मखमली लोकर तुळशीबागेत कितीही गोड दिसली तरी तिच्यात टाका दिसत नाही, बोटाने चाचपावा लागतो. रुखवतातल्या रुमालांचं बारीक सूतही शिकायला नको. त्याच्या पोलादी सुयांचा नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक असते, हे माहीत नसलेले अनेक जण मोठा नंबर मागून केसाएवढी सुई घेऊन येतात.

झालेल्या कामाचं काय करायचं

चूक शेवटच्या तीन-चार ओळींतली असेल तर उसवा. क्रोशात सुईवर एकच फास असतो, त्यामुळे हव्या त्या टाक्यापर्यंत उसवून तिथूनच पुढे जाता येतं. भीती बाळगायचं कारण नाही. दोन सुयांच्या कामात उसवण्याआधी बिघाडाच्या खालच्या ओळीतून शिवणसुईने वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून घ्या, मग सुया काढा. टाके दोऱ्यावर अडकून राहतात.

एक-दोनच टाके गेले असतील आणि वस्तू मोठी असेल तर पुढच्या ओळीत काठाच्या आतल्या टाक्यात दोन टाके घालून संख्या भरून काढा आणि पुढे चला. शेवटी चारही बाजूंनी मुक्या खांबाची एक फेरी घाला. खांबाच्या प्रत्येक ओळीच्या बाजूला २ मुके खांब, मुक्या खांबाच्या ओळीला १, आणि कोपऱ्यात एकाच जागी ३. जिथे काठ आत गेला आहे तिथे मुक्या खांबाऐवजी अर्धा खांब घातला की खड्डा भरतो. बारीकसारीक दाते या फेरीत झाकले जातात. निम्म्यावर आलेला चौकोन झाकला जात नाही, तो उसवायचाच.

सुती वस्तू मग ओली करून, टॉवेलवर हव्या त्या मापात ओढून, टाचण्या लावून पूर्ण वाळू द्या. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात. पावसाळ्यात दोन-दोन दिवस काम ओलं राहतं आणि साध्या टाचण्यांचे तांबडे डाग पांढऱ्या सुतावरून निघता निघत नाहीत. अॅक्रिलिक लोकरीवर इस्त्री फिरवू नका, ती उष्णतेने लुळी पडते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.